सावरण्याचं मोजमाप

२१ जानेवारी २०२१, गुरुवार. बाजार उघडला आणि सेन्सेक्सने इतिहासात पहिल्यांदाच ५० हजारांची पातळी ओलांडली. दहाच महिन्यांपूर्वी, २३ मार्च २०२० रोजी, हाच निर्देशांक एका दिवसात ३,९३४ अंकांनी कोसळून २६ हजारांच्या खाली बंद झाला होता. म्हणजे त्या तळापासून जवळजवळ दुप्पट. त्याच गुरुवारी दलाल स्ट्रीटवरून चालत गाठता येणाऱ्या चर्चगेट आणि सीएसएमटी या दोन्ही स्थानकांवर सर्वसामान्य पुरुष प्रवाशाला लोकलचं तिकीट मिळत नव्हतं. अत्यावश्यक सेवेतल्या आणि सरकारने मान्य केलेल्या काही वर्गांतल्या कर्मचाऱ्यांना गाडीत चढता येत होतं, स्त्रियांना गर्दीच्या वेळा सोडून मुभा होती. नालासोपाऱ्याहून दादरच्या कापड दुकानात येणारा सेल्समन, टिटवाळ्याहून मशीद बंदरच्या गोदामात येणारा हमाल, दिव्याहून लोअर परळच्या हॉटेलात येणारा वेटर यांच्यासाठी लोकल बंद होऊन दहा महिने होत आले होते.

एकाच शहराची, एकाच दिवसाची ही दोन मापं आहेत आणि दोन्ही बिनचूक आहेत. हे पुस्तक या दोन मापांमधल्या अंतराविषयी आहे. मुंबई महानगराची अर्थव्यवस्था महासाथीतून कशी सावरत गेली याचा माग काढताना ज्याची आपोआप नोंद होते तेवढंच आपण मोजलं, आणि ज्यांची कुठेच नोंद होत नाही ते सरासरीत विरघळून गेले, असं माझं ठाम मत आहे. त्यांना मोजता येत नव्हतं, ही सबब मला मान्य नाही. मोजण्याची रीत याच शहरात, २०२० मध्येच वापरली गेली होती. ती कोणती, ते पुढे येईलच.

आधी भूगोल. मुंबई म्हणजे बृहन्मुंबई महापालिकेची हद्द, असं धरून अर्थव्यवस्था मोजता येत नाही. इथला कामगार एका महापालिकेत राहतो, दुसरीत काम करतो आणि त्याचा माल तिसरीतल्या गोदामात असतो. मुंबई महानगर प्रदेश २०१९ च्या विस्तारानंतर ६,३२८ चौरस किलोमीटरचा झाला. त्यात मुंबई, ठाणे, नवी मुंबई, कल्याण-डोंबिवली, उल्हासनगर, भिवंडी-निजामपूर, मीरा-भाईंदर, वसई-विरार आणि पनवेल अशा नऊ महापालिका येतात. भिवंडीचे यंत्रमाग आणि गोदामं, उरणजवळचं जेएनपीटी बंदर, पेणचे गणपतीचे कारखाने, वांद्रे-कुर्ला संकुलातल्या बँका हे सगळं एकाच अर्थव्यवस्थेचे अवयव आहेत. पण या प्रदेशाचं एकत्रित उत्पन्न दर तिमाहीला सांगणारी यंत्रणा नाही. राज्याचं अर्थ व सांख्यिकी संचालनालय जिल्हानिहाय उत्पन्न काढतं, ते वर्षाचं आणि उशिराने. त्यातही अनेक क्षेत्रांचा राज्याचा एकूण आकडा ठरावीक प्रमाणांनी जिल्ह्यांत वाटलेला असतो. शिवाय रायगड आणि पालघर जिल्ह्यांचा काहीच भाग महानगर प्रदेशात असल्यामुळे जिल्ह्यांची बेरीज करूनही महानगर हाती लागत नाही. लोकसंख्येसाठी आधार होता २०११ च्या जनगणनेचा, कारण २०२१ ची जनगणना खुद्द महासाथीनेच लांबणीवर पडली. माणशी काहीही काढायचं तर भागायचं कशाने, हा प्रश्न पहिल्याच पायरीवर उभा राहत होता.

त्यात आकडे गोळा करणारी माणसंही इतरांसारखीच घरात अडकली होती. मार्च २०२० मध्ये राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाचं क्षेत्रकाम थांबलं. बाजारात जाऊन भाव विचारणारे जाऊ शकले नाहीत, म्हणून त्या एप्रिलमध्ये किरकोळ महागाईचा नेहमीचा पूर्ण निर्देशांक निघाला नाही. पुढे त्या महिन्यांचे आकडे गणिती पद्धतीने भरून काढावे लागले. एप्रिलच्या औद्योगिक उत्पादनाची आधीच्या महिन्यांशी तुलना करणं योग्य ठरणार नाही, असं सरकारनेच सांगितलं. त्या महिन्यात देशभरातलं जीएसटी संकलन ३२,१७२ कोटी रुपये होतं, आदल्या महिन्यात ते ९७,५९७ कोटी होतं. ही घसरण भयंकर होतीच; पण विवरणपत्रं भरायला मुदतवाढ दिलेली असल्यामुळे त्यातला किती भाग बुडालेल्या धंद्याचा आणि किती भाग पुढे ढकललेल्या भरण्याचा, हे आकड्यातून वेगळं काढता येत नव्हतं. मेमध्ये आकडा ६२ हजार कोटींवर गेला तेव्हा त्यालाही उभारी म्हटलं गेलं. त्यातला काही भाग एप्रिलचाच होता.

राष्ट्रीय उत्पन्नाचं उदाहरण तर प्रत्येक वाचकाने लक्षात ठेवावं असं आहे. २०२०-२१ या वर्षात देशाची अर्थव्यवस्था ७.३ टक्क्यांनी आकुंचली, असं मे २०२१ मध्ये सांगितलं गेलं. जानेवारी २०२२ मध्ये ते ६.६ टक्के झालं आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये ५.८ टक्के. यात लपवाछपवी नाही. अधिक माहिती हाती आली की आकडे सुधारायचे, ही सांख्यिकीची रीतच आहे. पण यातली एक गोष्ट मला अस्वस्थ करते. सुरुवातीचे अंदाज मुख्यतः संघटित क्षेत्राच्या माहितीवर बेततात आणि असंघटित क्षेत्राची गती त्यावरून ताडली जाते. नेहमीच्या वर्षी हे चालून जातं. ज्या वर्षी मोठी कंपनी तगली आणि तिच्या दारातला चहावाला उठला, त्या वर्षी एकावरून दुसऱ्याचा अंदाज बांधणं म्हणजे चहावाल्याला कंपनीच्या नफ्यात जमा धरणं. २०२०-२१ साठी महाराष्ट्राच्या आर्थिक पाहणीत राज्याची अर्थव्यवस्था ८ टक्क्यांनी आकुंचेल असा अंदाज होता. शेती वाढणार होती; फटका उद्योग आणि सेवांना होता, म्हणजे मुख्यतः शहरांना. त्या ८ टक्क्यांत महानगराच्या वाट्याला किती, हे तिथे वेगळं मांडलेलं नव्हतं.

सरकारी आकडे उशिरा येणार म्हटल्यावर जगभरच्या अर्थतज्ज्ञांनी झटपट मिळणाऱ्या खुणांकडे मोर्चा वळवला. विजेची मागणी, ई-वे बिलं, यूपीआयचे व्यवहार, टोलनाके, मोबाइल फोनच्या हालचाली. एप्रिल २०२० पासून गूगलने लोकांच्या वावराचे अहवाल प्रसिद्ध करायला सुरुवात केली आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये ते बंद केले. दुकानं, किराणा-औषधं, बागा, प्रवासाची ठिकाणं, कामाच्या जागा आणि घरं असे त्याचे सहा भाग होते आणि तुलनेसाठी ३ जानेवारी ते ६ फेब्रुवारी २०२० हा काळ धरलेला होता. मुंबईत राहणाऱ्याला यातली अडचण सांगायला नको. जानेवारी हा इथला फिरण्याचा, लग्नांचा, खरेदीचा महिना आणि जुलै हा तुंबलेल्या रुळांचा. जुलैची जानेवारीशी तुलना केली तर महासाथ नसतानाही शहर मंदावलेलं दिसलं असतं. शिवाय ही हालचाल ज्याच्या फोनमध्ये स्थाननोंद चालू आहे त्याचीच. घरातला एकमेव स्मार्टफोन मुलांच्या ऑनलाइन शाळेसाठी घरी ठेवून आई कामावर गेली, तर तिचा वावर घरातच नोंदला जाणार.

यूपीआयचीही तीच गत. एप्रिल २०२० मध्ये देशातले यूपीआय व्यवहार १०० कोटींच्या आसपास घसरले होते, ऑक्टोबरमध्ये ते २०० कोटींच्या पुढे गेले. सहा महिन्यांत खरेदी दुप्पट झाली असं कोणी म्हणणार नाही. रोख पैसा फोनवर आला, भाजीवालीने गाडीला क्यूआर कोड चिकटवला, त्याचा तो आकडा. विजेच्या एकूण मागणीतही असंच होतं: कार्यालयांचे दिवे विझले, घरांचे पंखे दिवसभर फिरत राहिले आणि दोन्हींची बेरीज एका आकड्यात आली. घरगुती, व्यापारी, औद्योगिक अशी फोड हाती नसेल तर तो आकडा फारसं काही सांगत नाही. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी मुंबईची वीज गेली. त्या दिवसाची घसरण तर निव्वळ वीजजाळ्यातल्या बिघाडाची होती. आलेखात ती खोल खाच दिसते आणि खाली टीप नसेल तर दहा वर्षांनी कोणीतरी तिचा भलताच अर्थ लावेल.

या सगळ्यांत मुंबईपुरतं मला सर्वांत मोलाचं वाटतं ते लोकलच्या प्रवाशांचं माप. महासाथीआधी उपनगरी रेल्वेतून दिवसाला ७५ ते ८० लाख प्रवास होत. मालकापासून बिगाऱ्यापर्यंत सगळे त्यात येतात. फोन नसलेलाही येतो, नोंदणी नसलेलाही येतो. पण या मापाचं दार सरकारच्या हातात होतं. २२ मार्च २०२० च्या मध्यरात्रीपासून लोकल बंद. १५ जूनला अत्यावश्यक सेवेतल्यांसाठी सुरू. २१ ऑक्टोबरला स्त्रियांना सकाळी ११ ते दुपारी ३ आणि संध्याकाळी ७ नंतर परवानगी. १ फेब्रुवारी २०२१ ला सर्वांसाठी, पण पहिल्या गाडीपासून सकाळी ७ पर्यंत, दुपारी १२ ते ४ आणि रात्री ९ नंतर. एप्रिलमध्ये सर्वसामान्यांसाठी पुन्हा बंद. १५ ऑगस्ट २०२१ पासून लशीचा दुसरा डोस घेऊन १४ दिवस झालेल्यांना मासिक पास.

ही तारखांची माळ मी मुद्दाम पूर्ण दिली, कारण त्या दोन वर्षांतला प्रवाशांचा आलेख या तारखांनीच काढलेला आहे. प्रत्येक उडी शासनाच्या आदेशाची आहे. किती जणांना कामावर जायचं होतं आणि किती जणांना जाऊ दिलं, यांतला फरक आलेखात दिसत नाही. सकाळी सातच्या आत दादरला उतरून दुकान उघडेपर्यंत फलाटावर किंवा पायरीवर बसून राहिलेला माणूस ‘एक प्रवासी’ म्हणून मोजला गेला. त्याने त्या नोकरीसाठी रोजचे किती तास जास्तीचे दिले, ते कुठेच मोजलं गेलं नाही. ज्याला ते जमलं नाही आणि ज्याने नोकरी सोडली, तो आलेखात नव्हताच. विरार-वसई आणि कल्याण-बदलापूर पट्ट्यातल्या माणसाचं मुंबईतलं काम हे मुळात रेल्वेच्या पासावर उभं आहे. स्वस्तातलं घर लांब आणि पगार जवळ ही त्याची जुळणी आहे. पास बंद झाला तेव्हा त्याच्या पगारातला किती भाग एसटी-बेस्टच्या बदलत्या बसवर, सहाजणांत वाटलेल्या खासगी गाडीवर गेला, याचा हिशेब घरोघरी होता. सरकारदरबारी तो नव्हता. पुढे निर्बंध उठल्यावरही लोकलचं माप सरळ वाचता येत नाही. घरून काम रुजलं आणि एप्रिल २०२२ पासून मेट्रो २अ आणि ७ चे टप्पे सुरू झाले, तेव्हा लोकलमधला प्रत्येक न दिसणारा प्रवासी बेकार झाला असं म्हणता येणार नाही. तरीही एकच आकडा निवडायची वेळ आली तर मी हाच निवडेन, स्थानकागणिक आणि वर्गागणिक फोड करून: नालासोपाऱ्याचा दुसऱ्या वर्गाचा पास आणि बोरिवलीचा पहिल्या वर्गाचा पास वेगवेगळे मोजून.

धोरणाने आकडा कसा हलतो याचं याहून ठळक उदाहरण घरांच्या नोंदणीत आहे. एप्रिल २०२० मध्ये मुंबईतली नोंदणी जवळजवळ शून्यावर होती. सप्टेंबरपासून राज्य सरकारने मुद्रांक शुल्क ५ टक्क्यांवरून २ टक्क्यांवर आणलं, ३१ डिसेंबरपर्यंत. जानेवारी ते मार्च २०२१ मध्ये ते ३ टक्के होतं. डिसेंबर २०२० मध्ये मुंबई शहर आणि उपनगरांत साडेएकोणीस हजारांहून अधिक नोंदण्या झाल्या. वर्तमानपत्रांनी विक्रमाचे मथळे दिले आणि ते चूक नव्हते. सवलतीने बांधकामाला खरोखर हात दिला, अडकलेले प्रकल्प हलले. पण घर घेण्याचा जो निर्णय माणूस वर्षभरात कधीतरी करणार होता, तो त्याने मुदत संपायच्या आत केला, हेही त्यात आहे. आणि घर विकत घेणारे कोण? ज्यांचे पगार चालू राहिले, ज्यांचा बाहेरचा खर्च वाचला, ज्यांना स्वस्त व्याजाचं कर्ज मिळालं ते. त्याच महिन्यांत अकरा महिन्यांच्या करारावर राहणारे कितीतरी भाडेकरू डिपॉझिटमधून भाडं वळतं करून घ्या, असं घरमालकाला सांगत होते. डिपॉझिट संपलं की खोली सोडायची आणि आणखी दोन स्थानकं लांब जायचं, नाहीतर गावी.

माल आणि माणसं यांची चालही वेगवेगळी होती. जेएनपीटीने २०१९-२० मध्ये सुमारे ५० लाख कंटेनर हाताळले, २०२०-२१ मध्ये ४७ लाखांच्या आसपास आणि २०२१-२२ मध्ये जवळपास ५७ लाख. (हे आकडे २० फुटी कंटेनरच्या मापातले.) बंदर एका वर्षात सावरलं आणि पुढेही गेलं. मुंबई विमानतळावर मात्र २०१९-२० मधले साडेचार कोटींहून अधिक प्रवासी २०२०-२१ मध्ये सुमारे १ कोटी १० लाखांवर आले आणि पुढच्या वर्षीही ते निम्म्यालाच पोचले. भिवंडीच्या गोदामाला ऑनलाइन खरेदीने काम दिलं. विमानतळाच्या भोवतीच्या अंधेरी-मरोळमधली हॉटेलं, टॅक्सीवाले, धोबी, फुलवाले बसून राहिले. दोन्ही ठिकाणं एकाच महानगरात आहेत आणि सरासरी काढली की दोन्ही नाहीशी होतात.

आता ज्यांची नोंदच नाही त्यांच्याकडे. सकाळी नाक्यावर उभा राहणारा बिगारी, चार घरची धुणीभांडी करणारी बाई, धारावीच्या तेरा कंपाउंडमध्ये भंगार निवडणारा, कुंभारवाड्यातला कुंभार, मदनपुऱ्यात जरीकाम करणारा कारागीर. देशाच्या नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणात एप्रिल ते जून २०२० या तिमाहीत शहरी बेरोजगारी २१ टक्क्यांच्या जवळ गेलेली दिसते. हा तिमाही अहवाल बाहेर यायला वर्ष उलटलं. पुढच्या तिमाहीत दर १३ टक्क्यांवर आला, वर्षअखेर १० टक्क्यांवर. ही घसरण पाहून हायसं वाटतं, पण मोजणीचा नियम माहीत असला की मन थबकतं. आदल्या सात दिवसांत एखाद्या दिवशी निदान एक तास काम केलं असेल तर माणूस कामात आहे असं धरलं जातं. नाक्यावरचा मजूर आठवड्याचे सहा दिवस जात होता, आता दोन दिवस जातो. दोन्ही वेळी तो ‘कामात’. मजुरीचा दर तोच राहिला तरी आठवड्याची कमाई तिसऱ्या हिश्श्यावर येते. म्हणून त्याला विचारायचा प्रश्न ‘काम आहे का’ हा नाही. गेल्या आठवड्यात किती खाडे झाले, वाण्याकडे उधारी किती, बायकोचं मंगळसूत्र सोनेतारणात आहे का, भिशीचा हप्ता चुकला का, हे विचारायला हवं.

हार्वर्डमध्ये राज चेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० मध्ये अमेरिकेसाठी एक माग-यंत्रणा उभारली. कार्डावरचा खर्च, छोट्या धंद्यांची विक्री, पगारपत्रकं अशी खासगी कंपन्यांची माहिती ओळख पुसून एकत्र केली आणि भागाभागानुसार जवळजवळ रोज मांडली. त्यांना दिसलं ते असं: श्रीमंत घरांनी समोरासमोर मिळणाऱ्या सेवांवरचा खर्च कापला आणि सर्वांत जास्त गदा आली ती श्रीमंत वस्त्यांतल्या कमी पगाराच्या नोकऱ्यांवर. हे वाचताना वरळीतले मनोरे आणि त्यांच्या पायथ्याचं जिजामातानगर, पवईतल्या इमारती आणि बाजूच्या टेकडीवरच्या वस्त्या डोळ्यांपुढे येतात. २०२० मध्ये कितीतरी सोसायट्यांनी कामवाल्या बायांना फाटकाच्या आत येऊ दिलं नाही. काहींनी पगार चालू ठेवला, कित्येकींनी पुढे दोन घरं गमावली ती परत मिळालीच नाहीत, कारण तोवर घरच्यांना स्वतः भांडी घासायची सवय झाली होती. अमेरिकेत ही बाई पगारपत्रकात दिसते. मुंबईत तिचा पगार हातात पडतो आणि त्याचा कागद नसतो. म्हणून ती यंत्रणा जशीच्या तशी उचलून इथे चालणार नाही.

डबेवाल्यांची गोष्ट याच धाग्यातली. मावळ, खेड, जुन्नर, आंबेगावकडून आलेली ही सुमारे पाच हजार माणसं रोज दोन लाखांच्या आसपास डबे पोचवत. लोकल बंद आणि कार्यालयं घरात, म्हणजे त्यांच्या धंद्याच्या दोन्ही बाजू एकदमच गेल्या. पुढे सेवाक्षेत्राने जोर धरला तो घरून चाललेल्या कामावर. ज्या कार्यालयाचं उत्पन्न वाढलेलं दिसतं, त्याच कार्यालयाचा डबा बंद आहे. सेवाक्षेत्राची वाढ आणि डबेवाल्याचं गावी भातलावणीला परतणं या दोन घटनांचं कारण एकच होतं.

मूर्तिकारांचंही पाहा. २०२० च्या गणेशोत्सवात सार्वजनिक मूर्तीला ४ फुटांची आणि घरगुती मूर्तीला २ फुटांची मर्यादा होती. लालबागच्या राजाच्या मंडळाने त्या वर्षी मूर्ती न बसवता आरोग्योत्सव केला. मूर्तींची संख्या तेवढीच राहिली असती तरी परळ-लालबागच्या कारखान्यांची कमाई तेवढी राहिली नसती. उंच मूर्तीत जे काम, जी माणसं आणि जो पैसा असतो, तो दोन फुटांत मावत नाही. मर्यादा उठली ती २०२२ मध्ये. पेण आणि परळमधल्या या लोकांचं सावरणं मोजायचं तर नगांऐवजी फूट मोजावे लागतात. प्रत्येक धंद्याचं असं स्वतःचं माप असतं आणि ते त्या धंद्यातल्या माणसाला विचारल्याशिवाय कळत नाही.

आता सुरुवातीला सांगितलेल्या रीतीविषयी. जुलै २०२० मध्ये मुंबईतल्या तीन वॉर्डांत, म्हणजे माटुंगा, चेंबूर आणि दहिसरच्या परिसरात, महापालिका, नीती आयोग आणि टीआयएफआर यांनी मिळून रक्तातल्या प्रतिपिंडांची पाहणी केली. नमुने होते ६,९३६. पाहणीची आखणी करणाऱ्यांनी झोपडपट्टी आणि इतर वस्ती यांचे नमुने सुरुवातीपासून वेगळे ठेवले. निकाल आला: झोपडपट्ट्यांत ५७ टक्के, इतरत्र १६ टक्के. दोन्ही एकत्र करून एकच सरासरी जाहीर केली असती तर ती या शहरातल्या कुणालाच लागू पडली नसती. ही पाहणी लॉकडाऊनच्या ऐन धामधुमीत, माणसांच्या घरापर्यंत जाऊन, काही आठवड्यांत झाली. विषाणू कोणाला किती शिवला हे वस्तीनिहाय कळू शकलं, तर त्याच घराची चूल त्या आठवड्यात किती वेळा पेटली, हेही त्याच दारात उभं राहून विचारता आलं असतं. तेच वॉर्ड, तीच यादी, आणखी दहा प्रश्न. ते विचारले गेले नाहीत याचं मला आजही वाईट वाटतं, कारण ती संधी पुन्हा मिळणारी नव्हती.

तसं झालं असतं तर एप्रिल २०२१ च्या लाटेत आपण अधिक शहाणपणाने वागलो असतो. ‘ब्रेक द चेन’च्या निर्बंधांत कारखाने बऱ्याच अंशी चालू राहिले, मालवाहतूक थांबली नाही, म्हणून उत्पादनाच्या आकड्यांत ती लाट पहिल्यापेक्षा सौम्य दिसते. घरांचं चित्र उलटं होतं. रिझर्व्ह बँकेच्या ग्राहक विश्वास सर्वेक्षणात मुंबईसह मोठ्या शहरांतल्या कुटुंबांना त्यांच्या परिस्थितीविषयी विचारतात. १०० च्या खाली म्हणजे निराशा. मे २०२१ मध्ये चालू स्थितीचा निर्देशांक ४८.५ वर होता, म्हणजे २०२० मधल्या नीचांकाच्याही खाली. कारण समजण्यासारखं आहे. पहिल्या वेळी घरात काहीतरी शिल्लक होती, भविष्यनिर्वाह निधीतून उचल मिळाली, कर्जाच्या हप्त्यांना ऑगस्टपर्यंत सवलत होती. दुसऱ्या वेळी डबा रिकामा होता आणि दवाखान्याचं बिल समोर होतं. सरकारने तेव्हा परवानाधारक रिक्षाचालक, नोंदणीकृत फेरीवाले, घरकामगार आणि बांधकाम मजूर यांना प्रत्येकी १,५०० रुपये जाहीर केले, शिवभोजन थाळी मोफत केली. मदतीच्या या यादीत ‘नोंदणीकृत’ आणि ‘परवानाधारक’ असे जे शब्द येतात, त्यांच्या बाहेर किती जण उरले हे तेव्हा कोणालाच सांगता येत नव्हतं. ज्याची मोजणी नाही त्याला मदतही नाही.

आणखी एका मुद्द्यावर मी थोडा हट्टी आहे. पूर्वपदावर येणं म्हणजे नेमक्या कोणत्या दिवसावर येणं? बहुतेक आलेख फेब्रुवारी २०२० ला शंभर धरतात. पण तो काही सुबत्तेचा काळ नव्हता. एप्रिल २०१९ मध्ये जेट एअरवेज बंद पडून मुंबईतल्या हजारो घरांचा पगार गेला होता. सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले आणि खातेदारांचे स्वतःचेच पैसे अडकले. देशाची वाढ त्या वर्षी आधीच मंदावली होती. अशा वर्षाला शंभर धरून आपण शंभरावर पोचलो तेव्हा प्रत्यक्षात दोन-तीन वर्षांची वाढ गमावलेली होती. महासाथ नसती तर २०२२ मध्ये महानगर कुठे असतं, या रेषेशी तुलना केली तर आनंद बराच कमी होतो. पुढच्या प्रकरणांत शक्य तिथे दोन्ही तुलना दिल्या आहेत, कारण एकच दिली तर वाचकाची फसवणूक होईल.

पुस्तकाचा आवाका मार्च २०२० ते २०२२ ची अखेर एवढा ठेवला आहे. विषयांची मांडणी क्षेत्रांनुसार न करता जागांनुसार केली आहे: बंदर, नाका, गोदाम, सोसायटी, फलाट, कारखाना. एकच माणूस दिवसभरात यातल्या तीन-चार जागांतून जातो, म्हणून काही गोष्टी पुन्हा येतील. शेअर बाजाराला एक छोटं प्रकरण दिलं आहे, तेही घरांवरच्या त्याच्या परिणामापुरतं. तो इथे भरतो म्हणून त्याला शहराची नाडी मानण्याची सवय सुटायला हवी. तीच गोष्ट आयकराची: मोठ्या कंपन्यांची मुख्यालयं इथे असल्यामुळे देशभर कमावलेल्या पैशाचा कर मुंबईत भरला जातो. त्या आकड्याचा कुर्ल्याच्या गॅरेजशी संबंध नाही.

काही बदल आता होत आहेत. जानेवारी २०२५ पासून श्रमबल सर्वेक्षणाचे अंदाज महिन्याला मिळू लागले आणि नमुना निवडताना जिल्हा हा पाया धरला जाऊ लागला. लांबलेल्या जनगणनेसाठी १ मार्च २०२७ हा संदर्भ दिनांक जाहीर झाला आहे. या दोन्हींचा उपयोग महानगरासाठी करून घ्यायचा तर काही कामं राज्याने आणि महापालिकांनी स्वतः करायची आहेत. नऊही महापालिकांनी व्यवसाय परवाने, पाणी आणि मालमत्ता कर यांची वॉर्डनिहाय आकडेवारी एकाच साच्यात दर महिन्याला खुली करावी. वीज कंपन्यांकडून ग्राहकवर्गानुसार वापर घ्यावा, रेल्वेकडून स्थानकनिहाय पास. आणि झोपडपट्टी व इतर वस्ती असे वेगळे नमुने ठेवून वर्षातून दोनदा घरोघर पाहणी करावी, त्यात खाडे, उधारी, भाडं आणि शाळेची फी यांचे प्रश्न असावेत. या पाहणीसाठी आशासेविका आणि आरोग्य स्वयंसेविकांचं जाळं तयार आहे. प्रत्येक गल्ली त्यांच्या ओळखीची आहे. फक्त या कामाचे त्यांना वेगळे आणि वेळेवर पैसे मिळाले पाहिजेत. महासाथीत त्यांनी काय केलं ते पाहिलेल्या कोणालाही ही अट जास्तीची वाटणार नाही.